बाग लावण्यापूर्वी माती का तपासायची? जस्टस व्हॉन लिबिग यांच्या आयुष्यातून मिळणारा धडा

यंदा डाळिंब, मोसंबी, संत्रा किंवा पेरूची बाग लावायचे तुमच्या मनात असेल, तर आतापर्यंत बरीच चौकशी करून झाली असेल. कलमाचा दर विचारला असेल, ठिबकचे कोटेशन आणले असेल, खड्डे घेण्यासाठी जेसीबीवाल्याशी बोलणे झाले असेल. शेजारच्या बागायतदाराकडून खताचे वेळापत्रकही लिहून आणले असेल. या सगळ्यात एक कागद बहुतेक वेळा राहून जातो, तो म्हणजे माती परीक्षणाचा अहवाल. हंगामी पिकात चूक झाली तर पुढच्या हंगामात सुधारता येते. बाग मात्र पंधरा-वीस वर्षांसाठी लागते. जमीन त्या फळझाडाला मानवणारी नाही हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाने पिवळी पडल्यावर कळले, तर तोवर गेलेला पैसा आणि गेलेली वर्षे परत येत नाहीत.

माती न विचारता खत ठरवले तर काय होते, याचे एक मोठे उदाहरण शेतीच्या इतिहासात आहे. हे उदाहरण एखाद्या अडाणी माणसाचे नाही. आपल्या काळातील जगातला सर्वांत नामवंत रसायनशास्त्रज्ञ असलेल्या माणसाचे आहे. कृषी पदविका किंवा पदवीचा अभ्यास केलेल्यांनी त्यांचे नाव किमान घटकाच्या नियमाबरोबर वाचलेले असते. ते म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ जस्टस व्हॉन लिबिग. त्यांचे आयुष्य समजून घेतले तर तुमच्या हातातल्या माती परीक्षण अहवालातील आकडे जास्त चांगले वाचता येतील.

रंगांच्या दुकानातला मुलगा

लिबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट या गावी झाला. वडील रंग, वार्निश आणि तशाच पदार्थांचा व्यापार करत. बराचसा माल ते घरच्या कार्यशाळेत स्वतः तयार करत. त्यामुळे उकळणे, गाळणे, मिसळणे ही कामे जस्टसने लहानपणापासून पाहिली. गावात राजघराण्याचे ग्रंथालय होते. तिथली रसायनशास्त्राची पुस्तके आणून हा मुलगा वाचायचा आणि त्यातले प्रयोग घरी करून बघायचा. शाळेत मात्र त्याची गणना मागे पडणाऱ्या मुलांत होई. मोठेपणी रसायनशास्त्रज्ञ होणार असे वर्गात सांगितल्यावर हशा पिकला होता, ही आठवण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

लिबिग तेरा वर्षांचे असताना युरोपवर मोठे संकट आले. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याची राख आणि वायू वातावरणात पसरल्याने १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही म्हणावे अशी थंडी आणि पाऊस राहिला. पिके बुडाली, धान्य महागले, अनेक भागांत उपासमार झाली. जमिनीतून जास्त धान्य कसे काढायचे, हा प्रश्न या पिढीसाठी पुस्तकातला नव्हता. तो ताटातला होता.

काही काळ औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केल्यानंतर लिबिग बॉन आणि नंतर एरलांगेन येथे शिकले. पुढे सरकारी मदतीवर ते पॅरिसला गेले. तिथे गे-ल्युसॅक या मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली आणि अचूक मोजमाप कसे करायचे हे ते शिकले. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी त्यांची शिफारस केली आणि १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, लिबिग गीसेन या लहानशा गावातील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

गीसेनची प्रयोगशाळा

गीसेनला त्यांना मिळालेली जागा म्हणजे जुन्या लष्करी बराकीची चौकी होती. त्याच जागेत त्यांनी अशी प्रयोगशाळा उभी केली, जिथे विद्यार्थी नुसते व्याख्यान ऐकत नसत, तर स्वतः हाताने पृथक्करण करत. आज कृषी महाविद्यालयात विद्यार्थी प्रयोगशाळेत बसून मातीचा सामू काढतात किंवा सेंद्रिय कर्ब मोजतात. शिकवण्याची ही पद्धत रूढ होण्यात गीसेनचा वाटा मोठा आहे.

१८३१ मध्ये लिबिग यांनी काचेच्या पाच फुग्यांचे एक साधे उपकरण तयार केले. सेंद्रिय पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात पकडला जाई आणि वजनावरून त्या पदार्थात कर्ब किती हे कळे. पूर्वी मोजक्या निष्णात लोकांनाच जमणारे हे काम आता विद्यार्थीही करू लागले. जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतून मुले शिकायला येऊ लागली. इंग्लंडचे जोसेफ हेन्री गिल्बर्ट हे त्यांच्यापैकीच एक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

१८४० चे पुस्तक आणि किमान घटकाचा नियम

त्या काळी युरोपात असा समज होता की वनस्पती मुख्यतः जमिनीतील कुजलेला सेंद्रिय भाग, म्हणजे ह्यूमस, खाऊन वाढतात. जर्मनीतील नामवंत शेतीतज्ज्ञ अल्ब्रेख्ट थेअर यांच्या शिकवणीचाही हाच पाया होता. १८४० मध्ये लिबिग यांनी शेतीतील रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि या समजाला उघड आव्हान दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. झाडाला कर्ब हवेतून मिळतो. जमिनीतून ते स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम यांसारखी खनिज द्रव्ये घेते. पीक कापून बाजारात गेले की ही द्रव्ये शेतातून बाहेर जातात. ती परत दिली नाहीत, तर जमीन हळूहळू रिकामी होते.

जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी आहे, तेच उत्पादनाची मर्यादा ठरवते, हा नियमही लिबिग यांच्या नावाने ओळखला जातो. न्यायाने सांगायचे तर कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने हा विचार त्यांच्याआधी, १८२० च्या दशकातच मांडला होता. लिबिग यांनी तो जगभर पोहोचवला. कमी-जास्त उंचीच्या फळ्यांच्या पिंपाचे चित्र तुम्ही पाहिले असेल. सर्वांत आखूड फळीपर्यंतच पाणी भरते, बाकीच्या फळ्या कितीही उंच असल्या तरी पाणी तिथूनच वाहून जाते. हे चित्र नंतरच्या लोकांनी तयार केले, पण नियम समजायला ते उत्तम आहे. तुमच्या बागेत जस्त कमी असेल, तर डीएपीची आणखी एक गोणी टाकून आखूड फळी उंच होत नाही.

राख तपासली, माती राहिली

आता आपल्या विषयाचा गाभा येतो. झाड जमिनीतून काय घेते हे शोधायला लिबिग यांनी सोपा मार्ग निवडला. पीक जाळायचे आणि राखेचे पृथक्करण करायचे. राखेत जितके पालाश, जितके स्फुरद, तितके खतातून परत द्यायचे. हिशेब सरळ होता. त्यावरून त्यांनी वेगवेगळ्या पिकांसाठी वेगवेगळी खते ठरवली, त्यांचे पेटंट घेतले आणि १८४५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथील मस्प्रॅट यांच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. लिबिग यांचे नाव एवढे मोठे होते की शेतकऱ्यांनी विश्वासाने ती विकत घेतली.

खत तयार करताना लिबिग यांना एक भीती वाटत होती. पालाशचे क्षार पाण्यात सहज विरघळतात. तसेच शेतात टाकले तर पावसाच्या पाण्याबरोबर खोल वाहून जातील, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी पालाश आणि स्फुरद चुन्याबरोबर भट्टीत वितळवून एकजीव केले आणि काचेसारखा झालेला तो पदार्थ दळून खत म्हणून दिला. उद्देश हा की तो हळूहळू विरघळावा.

कागदावर सगळे बरोबर होते. शेतात मात्र पीक हलले नाही. ज्यांनी पैसे खर्च केले त्या शेतकऱ्यांना खत टाकलेल्या आणि न टाकलेल्या रानात म्हणावा तसा फरक दिसला नाही. अन्नद्रव्ये खतात होती, पण मुळांना घेता येतील अशा रूपात नव्हती. जमिनीत एकूण किती आहे आणि झाडाला उपलब्ध किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिबिग यांच्या हिशेबात फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते.

माती धरून ठेवते

मग पालाश वाहून जाण्याची भीती खरी होती का? याचे उत्तर इंग्लंडमध्ये मिळाले. यॉर्कशायरचे एक जमीनदार एच. एस. थॉम्पसन यांनी मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडून पाहिले. खाली जे पाणी आले त्यात अमोनिया जवळपास नव्हता. त्याऐवजी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, बाहेर आले. रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांनी हेच काम पुढे नेले आणि १८५० पासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. माती अमोनिया आणि पालाश धरून ठेवते आणि त्या बदल्यात कॅल्शियम सोडते. हे काम वाळू करत नाही, चिकणमाती करते.

आज आपण याला धन आयनांची अदलाबदल म्हणतो. आपल्या काळ्या जमिनीत ही क्षमता भरपूर असते, कारण तिच्यातील चिकणमातीचे प्रमाण आणि प्रकार दोन्ही त्याला अनुकूल आहेत. म्हणूनच काळ्या जमिनीत पालाश सहसा धुऊन जात नाही. हलक्या, मुरमाड किंवा रेताड जमिनीत मात्र तो धोका असतो, तिथे खत थोडे थोडे विभागून द्यावे लागते. नायट्रेट रूपातील नत्र तर कुठल्याच जमिनीत असे धरून राहत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते. म्हणजे लिबिग यांची भीती नत्राच्या बाबतीत खरी ठरली असती. पालाशच्या बाबतीत ती अनाठायी होती. जी गोष्ट माती स्वतःहून करत होती, ती करण्यासाठी त्यांनी भट्टी पेटवली आणि त्यातच खत निकामी झाले.

नत्राचा वाद

दुसरा वाद नत्रावरून झाला. हवेतून आणि पावसातून येणारा अमोनिया पिकाला पुरतो, खतातून नत्र देण्याची फारशी गरज नाही, असे लिबिग यांचे मत होते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज यांनी १८४३ मध्ये प्रयोग सुरू केले. त्यांचे सहकारी होते गीसेनला शिकलेले तेच गिल्बर्ट. ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात त्यांनी दरवर्षी गहू घेतला. एका पट्ट्याला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला नुसती खनिजे, काहींना खनिजांबरोबर अमोनियमचे क्षार. नुसत्या खनिजांनी गव्हाचे उत्पादन फार वाढले नाही. त्याबरोबर नत्र मिळाल्यावर ते चांगले वाढले. गुरूच्या मताविरुद्ध शिष्याच्या शेतातील पीक उभे राहिले. हा वाद अनेक वर्षे चालला आणि त्यात कडवटपणाही आला. ब्रॉडबाल्कचा प्रयोग आजही चालू आहे.

कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र कसे स्थिर करतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात दाखवले, तोवर लिबिग हयात नव्हते. म्हणजे हवेतून नत्र मिळते हा भाग काही पिकांसाठी खरा होता, पण गव्हासाठी नव्हता. तुमच्या बागेत सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मूग, उडीद, चवळी किंवा ताग हे आंतरपीक म्हणून का सुचवले जाते, याचे कारण इथेच आहे.

चूक मान्य करणारा शास्त्रज्ञ

लिबिग स्वभावाने तापट होते आणि टीका सहज मानत नसत. पण खत फसल्यावर त्यांनी विषय सोडून दिला नाही. गीसेनजवळची एक नापीक रेताड जमीन घेऊन तिथे त्यांनी स्वतः खतांचे प्रयोग केले. १८५२ मध्ये ते म्युनिकला गेले. १८६२ मध्ये त्यांच्या शेती-रसायनशास्त्राच्या पुस्तकाची सातवी आवृत्ती निघाली. तिच्यात त्यांनी मोकळेपणाने लिहिले की खत अविद्राव्य करण्यात आपली चूक झाली. निसर्गाने मातीतच जी व्यवस्था करून ठेवली होती, ती सुधारायला आपण निघालो होतो, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. ज्याच्या नावावर जग खत घेत होते, त्याने हे छापून सांगणे सोपे नव्हते.

याच काळात त्यांनी आणखी एक इशारा दिला. जमिनीतून घेत राहायचे आणि परत काही द्यायचे नाही, अशा शेतीला ते लुटारू शेती म्हणत. खेड्यातील धान्य शहरात जाते, शहरातील मैला नदीत आणि समुद्रात जातो, मग जमिनीचे स्फुरद आणि पालाश परत कसे यायचे, असा त्यांचा प्रश्न होता. लंडनच्या सांडपाण्यातून वाया जाणाऱ्या खताबद्दल त्यांनी लिहिले. परदेशातून हाडे आणि पेरूमधून ग्वानो आणून आपली जमीन सांभाळणाऱ्या इंग्लंडवर कडक टीका केली. उलट चीन आणि जपानमधील शेतकरी सोनखत जपून शेतात परत घालतात, याचे त्यांनी कौतुक केले.

१८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. गीसेनच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे आणि त्यांची जुनी प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपलेली आहे.

हा धागा आपल्याकडे कसा आला

वे यांच्यानंतर रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या रसायनतज्ज्ञाच्या पदावर ऑगस्टस व्होल्कर आले आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र जॉन ऑगस्टस व्होल्कर. या धाकट्या व्होल्करना सरकारने भारतात पाठवले. १८८९ च्या अखेरीपासून वर्षभराहून अधिक काळ ते देशभर फिरले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकऱ्याला शेती कळत नाही, हा साहेबांमधला समज त्यांनी खोडून काढला. इथली अडचण त्यांना कसबाची वाटली नाही. ती खत, पाणी आणि साधनांची होती. जळणाला लाकूड नाही म्हणून शेण गोवरीच्या रूपाने चुलीत जाते आणि जमीन उपाशी राहते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. लिबिग यांचा परत देण्याचा नियम इथे आपल्या उकिरड्याशी येऊन भिडतो.

तुमच्या अहवालातील उपलब्ध हा शब्द

लिबिग यांच्या नंतरच्या शास्त्रज्ञांनी प्रश्न बदलला. मातीत एकूण किती आहे हे विचारण्याऐवजी मुळांना मिळेल असे किती आहे, हे मोजायच्या पद्धती शोधल्या. बर्नार्ड डायर यांनी १८९४ मध्ये सौम्य सायट्रिक आम्ल वापरून हे करून पाहिले. पुढे १९५४ मध्ये ओल्सेन यांची पद्धत आली. ती चुनखडीयुक्त आणि विम्ल जमिनींना योग्य असल्याने आपल्याकडे उपलब्ध स्फुरद बहुतेक तिनेच काढतात.

फरक किती मोठा असतो ते एका हिशेबाने पाहा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २२.४ लाख किलो धरतात. समजा त्यात एकूण स्फुरद ०.०५ टक्का आहे. म्हणजे ते ११२० किलो झाले. पण याच जमिनीचा अहवाल उपलब्ध स्फुरद हेक्टरी १० किलो दाखवू शकतो आणि आपल्या वर्गवारीत ते कमी या गटात बसते. हजार किलो साठा घरात असून हातात दहा किलो, अशी ही स्थिती. उरलेले स्फुरद चुन्याशी किंवा इतर खनिजांशी बांधलेले असते. लिबिग यांच्या काचेसारख्या खतात जे घडले, तेच चुनखडीच्या जमिनीत आपोआप घडत असते.

अहवाल हातात आला की बागायतदाराने पुढील क्रमाने वाचावा.

१. सामू. बहुतेक फळझाडांना ६.५ ते ७.५ चांगला. ८ च्या वर गेला की लोह, जस्त आणि स्फुरदाची उपलब्धता घटते.

२. विद्युत वाहकता. १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असावी. जास्त असेल तर क्षार साचत आहेत. निचरा आणि विहीर-बोअरचे पाणी दोन्ही तपासा.

३. चुनखडी. मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत मुक्त चुन्याचे प्रमाण नसते. फळबागेसाठी ते प्रयोगशाळेकडे वेगळे मागून घ्या. संत्रा-मोसंबीसाठी ते १० टक्क्यांच्या वर असेल तर त्या रानात लागवड टाळलेली बरी. अशा जमिनीत नवती पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण झाडाला मिळत नाही. नुसते हिराकस जमिनीत टाकून फार उपयोग होत नाही, फवारणी किंवा ईडीडीएचए चिलेट वापरावे लागते आणि तो खर्च दरवर्षीचा होतो.

४. सेंद्रिय कर्ब. ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर आधी हिरवळीचे खत घ्या, शेणखत-कंपोस्टची सोय करा, मग बाग लावा.

५. सूक्ष्म अन्नद्रव्ये. जस्त ०.६ आणि लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. आखूड फळी इथे आहे का ते पाहा.

६. नत्र, स्फुरद, पालाश. काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर निघते. तसे असेल तर लागवडीच्या वेळी त्यावर जादा खर्च करू नका. फळधारणा सुरू झाल्यावर झाडाची गरज वाढते, तेव्हा पुन्हा तपासा.

नमुना घेताना

अहवाल कितीही चांगल्या प्रयोगशाळेतून आला, तरी तो पिशवीतल्या मातीचा असतो, तुमच्या शेताचा नसतो. दोन्ही सारखे असणे तुमच्या हातात आहे.

- लागवडीच्या निदान दोन महिने आधी, रब्बी निघाल्यावर उन्हाळ्यात नमुना घ्या. खड्डे भरण्याच्या आधी अहवाल हातात हवा.
- हंगामी पिकासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोली पुरते, फळझाडाला नाही. सुमारे एक मीटर खोल खड्डा घेऊन ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे तीन थरांचे नमुने वेगळे ठेवा. वर चांगली काळी माती आणि दोन फुटांवर पांढरी चुनखडी, असे रान आपल्याकडे खूप आहे. मुळे तिथे पोहोचली की मगच दुखणे दिसते.
- रंग, उतार, खोली आणि पूर्वीचे पीक वेगळे असेल तर त्या भागाचा नमुना वेगळा. एकसारख्या भागात खड्ड्यांची संख्या वाढवून त्याच खोलीची माती एकत्र करा.
- बांध, विहीर, झाडाखालची जागा, उकिरडा, जनावरे बसतात ती जागा आणि नुकतेच खत टाकलेली जागा टाळा.
- सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी गंजलेली लोखंडी पहार वापरू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुरपी घ्या.
- गोळा केलेली माती घमेल्यात न ठेवता स्वच्छ गोणपाटावर पसरा, ढेकळे फोडा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो राहीपर्यंत हे करा. सावलीत वाळवा.
- खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नका. स्वच्छ कापडी पिशवी घ्या. चिठ्ठीवर नाव, गट क्रमांक, खोली, मागील पीक, लावायचे फळझाड आणि पाण्याचा स्रोत लिहा.

खड्डा उघडा असताना एक साधी चाचणी तिथेच करता येते. प्रत्येक थराच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाका. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. जोरात फेस आला तर चुनखडी आहे. किती टक्के आहे ते प्रयोगशाळाच सांगेल, पण चुना मोजून मागायला हवा की नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

शेवटी

लिबिग यांच्याकडे त्या काळातील सर्वोत्तम प्रयोगशाळा होती, हुशार विद्यार्थी होते, अचूक उपकरणे होती. त्यांचे राखेचे आकडेही खरे होते. तरी खत फसले, कारण ज्या मातीत ते पडणार होते तिचे वागणे तेव्हा कुणी तपासलेले नव्हते. आपल्याला आज ही सबब नाही. शेजाऱ्याच्या बागेचे वेळापत्रक म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीची राख आहे. त्याचे आकडे त्याच्या रानासाठी बरोबर असतील, तुमच्या रानात चुना, निचरा आणि खोली वेगळी असू शकते.

म्हणून कलमांची आगाऊ रक्कम देण्याआधी एक खड्डा घ्या, तीन पिशव्या भरा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. खालच्या थरात चुनखडी निघाली तर त्या जागी दुसरे फळझाड निवडता येईल किंवा बागेसाठी दुसरा गट ठरवता येईल. कलमे जमिनीत गेल्यावर हा पर्याय उरत नाही.